पहिली एसटी शिरूरवरून गेली १९४८ ला, एसटीच्या स्टेअरिंगवर बाई बसली २०२३ ला. मधली ७५ वर्षं कुठे गेली?

जानेवारी २०२२. पुण्याजवळच्या वाघोलीतल्या वीसेक बायका मुलाबाळांना घेऊन एका दिवसाच्या सहलीला निघाल्या. ठिकाण होतं शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली. मोर बघायला आणि कृषी पर्यटनासाठी पुण्याहून बरेच लोक तिकडे जातात. दिवस मजेत गेला आणि संध्याकाळी मिनीबस परतीला लागली.

वाटेत ड्रायव्हरला फिट आली. रस्ता आडबाजूचा, अंधार पडायच्या बेताला, गाडीत लहान मुलं घाबरून रडायला लागलेली. तेव्हा योगिता सातव पुढे आल्या आणि त्यांनी मिनीबसचं स्टेअरिंग हातात घेतलं. त्यांना कार चालवायची सवय होती, बस मात्र त्यांनी आयुष्यात कधी चालवली नव्हती. तरीही त्यांनी गाडी काही किलोमीटर चालवत नेली, ड्रायव्हरला दवाखान्यात पोहोचवलं आणि सगळ्या बायका-मुलं सुखरूप घरी आली.

व्हिडिओ व्हायरल झाला, सत्कार झाले, टीव्हीवर बातम्या आल्या. बहुतेकांचा सूर एकच होता, 'बाई असून बस चालवली!'

त्या संध्याकाळी उपयोगाला आली ती रोज कार चालवून हाताला लागलेली सवय. ती नसती तर नुसत्या धाडसानं बस हलली नसती. म्हणून प्रश्न असा पडतो की ही सवय इतक्या कमी बायकांना का आहे? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. सुरुवात शिरूरपासूनच करता येते.

एसटीचा जन्म याच रस्त्यावर झाला

मोराची चिंचोलीला जायला पुणे-नगर रस्ता सोडून आत वळावं लागतं. या पुणे-नगर रस्त्याला महाराष्ट्राच्या इतिहासात मानाचं पान आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर या मार्गावर धावली. शिरूर याच वाटेवर लागतं. त्या पहिल्या गाडीचे चालक होते किसन राऊत आणि वाहक होते लक्ष्मण केवटे.

तिथून एसटी गावोगाव पोहोचली. शाळेला जाणाऱ्या मुली, बाजारला जाणाऱ्या बायका, माहेरवाशिणी, सगळ्यांचा प्रवास लाल डब्यानं केला. पुढे कंडक्टरच्या जागेवर बायका दिसायला लागल्या. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं मशीन, हे दृश्य आता कुणाला नवीन वाटत नाही.

ड्रायव्हरची सीट मात्र पुरुषांचीच राहिली. जून २०२३ मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड ते नीरा अशी एसटी चालवली आणि राज्यातल्या पहिल्या महिला एसटी चालक म्हणून त्यांची बातमी झाली. सासवड आणि नीरा दोन्ही पुणे जिल्ह्यातच. म्हणजे पहिली एसटी आणि एसटीच्या स्टेअरिंगवरची पहिली बाई एकाच जिल्ह्यात, पण मध्ये पूर्ण ७५ वर्षांचं अंतर.

जगातला पहिला लांबचा कार प्रवास बाईनंच केला

'गाडी हे पुरुषांचं काम' असं म्हणणाऱ्यांना मोटारीचा इतिहास माहीत नसतो. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये जर्मनीत आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं. गाडी तयार होती, पण लोकांचा विश्वास नव्हता. बिनाघोड्याची गाडी रस्त्यात बंद पडली तर काय, ही भीती.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. सोबत १५ आणि १३ वर्षांची दोन मुलं. मॅनहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे त्यांच्या माहेरापर्यंत, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर होतं. त्याआधी मोटारीनं एवढ्या लांब कुणीच गेलं नव्हतं.

तेव्हा पेट्रोल पंप नव्हते. वाटेत इंधन संपत आल्यावर बर्था एका औषधाच्या दुकानात गेल्या आणि कपड्यांचे डाग काढायला वापरतात ते लिग्रॉइन नावाचं द्रावण विकत घेऊन त्यांनी टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून ती साफ केली. एका वायरचं आवरण झिजलं तर मोज्यांना लावायचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ओढत नव्हती, मुलांना खाली उतरून ढकलावी लागली. परत आल्यावर हे नवऱ्याला सांगितलं आणि पुढे गाडीत चढासाठी आणखी एक गिअर आला.

थोडक्यात, मोटारीची पहिली खरी टेस्ट ड्राइव्ह एका बाईनं केली, रस्त्यातली दुरुस्तीही तिनंच केली आणि गाडीत काय सुधारायला हवं हेही तिनंच सांगितलं.

मग 'बायकांना जमत नाही' आलं कुठून?

याचं एक कारण गाडीच्या तोंडाशी होतं. सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या चावीनं सुरू होत नसत. समोर उभं राहून लोखंडी हँडल जोरात फिरवावं लागे. कधी इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हात मोडायचा. पुरुषांचेही हात मोडत होते, पण निष्कर्ष निघाला तो बायकांबद्दल.

कंपन्यांनी यात धंदा बघितला. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅटरीवरच्या इलेक्ट्रिक गाड्या खास बायकांसाठी म्हणून विकल्या जायच्या. हँडल मारायची गरज नाही, धूर नाही, आवाज कमी. गंमत म्हणजे पेट्रोल गाड्यांचे सम्राट हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची बॅटरीवरची गाडी वापरायच्या. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं गाडीत इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि हँडलचा प्रश्न हळूहळू संपला. ज्या अडचणीवरून बायकांना नाकारलं जात होतं, ती एका बटणानं सुटली.

पण बायका बटणाची वाट बघत बसल्या नव्हत्या. इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट १९०३ पासून मोटार शर्यतीत उतरत होत्या. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बायकांना सल्ला दिला की गाडीत एक छोटा हात-आरसा ठेवा, म्हणजे मागून येणारी वाहनं दिसतील. गाडीला आरसा बसवून मिळण्याच्या आधीची ही गोष्ट. त्याच वर्षी २२ वर्षांच्या ॲलिस रॅम्झी यांनी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा अमेरिका खंडाचा प्रवास ५९ दिवसांत केला. गाडीत चार बायका होत्या, गाडी चालवता येत होती फक्त ॲलिस यांना. रस्ते कच्चे, नकाशे अपुरे, पंक्चर झालं तर टायर स्वतः बदलायचा.

पहिल्या महायुद्धात तर गरजेनंच दरवाजे उघडले. पुरुष आघाडीवर गेले आणि ॲम्ब्युलन्स बायका चालवू लागल्या. दोन नोबेल मिळवलेल्या मेरी क्युरी यांनी १९१६ मध्ये गाडीचं लायसन्स काढलं. एक्स-रे यंत्र बसवलेल्या गाड्या जखमी सैनिकांपर्यंत न्यायच्या होत्या.

आपल्याकडे काय चाललं होतं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी आल्या. भारतात गाडी चालवणारी पहिली महिला म्हणून सुझान टाटा यांचं नाव घेतलं जातं, वर्ष १९०५. मूळच्या फ्रेंच असलेल्या सुझान म्हणजे रतनजी दादाभॉय टाटा यांच्या पत्नी आणि जेआरडी टाटांच्या आई.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोटार तेव्हा फक्त राजेरजवाडे, बडे व्यापारी आणि साहेब लोकांकडे होती. ज्यांच्याकडे गाडी त्यांच्याकडे पगारी शोफर. त्यामुळे सुरुवातीला श्रीमंत घरातल्या मोजक्या बायकांनीच हौसेनं स्टेअरिंग धरलं. सामान्य घरातल्या बाईचा आणि मोटारीचा संबंध येण्याचा प्रश्नच नव्हता.

मग सामान्य घरातल्या बाईला यंत्र जमत नव्हतं का? याचं उत्तर दौंड तालुक्यातल्या केडगावात मिळतं. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत इथं मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात निराधार झालेल्या मुली, विधवा, परित्यक्ता इथं आल्या. रमाबाईंनी त्यांना नुसता आसरा दिला नाही, कामं शिकवली. केडगावचा छापखाना बायकाच चालवायच्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम त्यांनी केलं. रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबलही याच छापखान्यात छापलं गेलं.

म्हणजे युरोपात बायका मोटार शर्यती करत होत्या त्याच काळात दौंड तालुक्यात बायका छपाईचं यंत्र चालवत होत्या. यंत्र हाती दिलं आणि कुणी शिकवलं, की काम होत होतं. मोटार मात्र हाती यायला अजून बराच काळ जायचा होता.

किक गेली आणि बटण आलं

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बाईच्या हाती पहिलं इंजिन आलं ते दुचाकीचं. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं लुना बाजारात आणली. पेडल असलेली, हलकी, कमी किमतीची. शिक्षिका, नर्स, बँकेत जाणाऱ्या बायका लुनावर दिसू लागल्या.

तोवर स्कूटर म्हणजे जड गाडी, हातात गिअर आणि सकाळी सकाळी गाडी आडवी करून मारायच्या किका. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू व्हायची. कॅडिलॅकच्या स्टार्टरनं अमेरिकेत जे केलं, तेच इथं या बटणानं केलं. त्यानंतर बिनगिअरच्या गाड्यांची रांगच लागली. आज शिरूर-दौंडच्या कुठल्याही कॉलेजबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघा, मुलींच्या स्कूटी वेगळ्या मोजाव्या लागतील.

पण दुचाकी घरच्या कामाची. गाडी चालवून पोट भरणं ही पुढची पायरी होती.

रिक्षा आणि रेल्वे

ती पायरी पुण्यात शीला डावरे चढल्या. परभणीहून पुण्यात आलेल्या शीलाताईंनी १९८८ मध्ये रिक्षा चालवायला सुरुवात केली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकमध्ये त्यांची नोंद झाली. सुरुवातीला त्यांना भाड्यानं रिक्षा द्यायला लोक तयार नव्हते. चालवता येत होती, अडलं होतं ते गाडी मिळण्यापाशी. पुढे पैसे साठवून त्यांनी स्वतःची रिक्षा घेतली.

जवळपास त्याच वेळी साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत आल्या. १९८९ मध्ये त्या सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक अशी त्यांची ओळख आहे. मालगाडी, लोकल, घाटातली इंजिनं असं एकेक करत त्यांनी ८ मार्च २०११ रोजी पुणे ते मुंबई डेक्कन क्वीन चालवली. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूर ते मुंबई वंदे भारत नेली. सोलापूर-पुणे लोहमार्ग दौंडवरून जातो. दौंड हे रेल्वेचं गाव, मनमाड आणि बारामतीकडचे फाटे इथूनच फुटतात. त्या दिवशी याच मार्गावरून एक बाई देशातली सगळ्यात चर्चेतली गाडी चालवत गेली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

रेल्वेनं १९८९ मध्ये केलं ते एसटीला २०२३ पर्यंत का जमलं नाही? कारण दोन्हीकडे ड्रायव्हर तयार होण्याची पद्धत वेगळी आहे.

खरी गोम इथं आहे

रेल्वे परीक्षा घेते, निवड करते आणि मग स्वतः शिकवते. इंजिन चालवायचा अनुभव घेऊन या, असं कुणी म्हणत नाही.

ट्रक आणि बसचं तसं नाही. इथं ड्रायव्हर रस्त्यावर तयार होतो. पोरगा आधी ट्रकवर क्लीनर म्हणून लागतो. गाडी धुतो, टायर बदलतो, मागं बघून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडतो. मोकळा रस्ता मिळाला की उस्ताद त्याला थोडा वेळ स्टेअरिंग देतो. दोन-चार वर्षांत तो ड्रायव्हर होतो. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा याच पद्धतीनं ट्रॅक्टर शिकतो, बापाशेजारी मडगार्डवर बसून.

मुलीला कुणी ट्रकवर क्लीनर म्हणून पाठवत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही सहसा तिचा भाऊच असतो. त्यामुळे जड गाडीवर हात बसवण्याची शाळाच तिच्यासाठी बंद. आणि नोकरीच्या जाहिरातीत अट असते अवजड वाहन चालवण्याच्या अनुभवाची. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

त्यात एसटीच्या कामाचं स्वरूप वेगळं. मुक्कामाची गाडी असली की ड्रायव्हर-कंडक्टरला रात्र गावातच काढावी लागते. बाई ड्रायव्हर म्हणून आली तर तिच्या मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय आधी करावी लागणार.

हे चक्र तोडायला एसटीनं शेवटी रेल्वेचाच मार्ग धरला. महिलांसाठी उंचीची आणि अनुभवाची अट शिथिल केली आणि निवड झालेल्या मुलींना महामंडळानंच बस चालवायला शिकवायचं ठरवलं. २०१९ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. यात यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या आदिवासी मुलीही होत्या. मध्ये कोरोना आला, प्रशिक्षण रखडलं आणि प्रत्यक्ष स्टेअरिंग हाती यायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत महिलांचं तिकीट अर्धं झालं होतं. म्हणजे बाईचं तिकीट अर्धं झाल्यानंतर तीनेक महिन्यांनी बाई चालक झाली.

आता शिकायचं असेल तर नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात लायसन्ससाठी बाई-पुरुष असा भेद नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी एवढ्याच :

- कार चालवायला वय १८ पूर्ण हवं. आधी शिकाऊ लायसन्स मिळतं, ते ६ महिने चालतं. ते मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी टेस्ट देता येते.
- हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचं प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवता येतं. सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या बऱ्याच गाड्या या वजनात बसतात.
- त्यापेक्षा जड बस किंवा ट्रकसाठी वेगळं लायसन्स लागतं. त्यासाठी हलक्या वाहनाचं लायसन्स आधी किमान १ वर्ष असावं लागतं आणि वय २० पूर्ण हवं.
- रिक्षाच्या परवान्यांत राज्यात महिलांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शिवाय पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या २० टक्के रक्कम सरकार देतं, १० टक्के महिलेनं भरायची आणि उरलेले ७० टक्के बँकेचं कर्ज. पुणे जिल्हा या योजनेत आहे.

शंभर वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी बायकांची म्हणून विकली जायची. आता इलेक्ट्रिक रिक्षा बायकांना रोजगारासाठी दिली जाते. फरक एवढाच की तेव्हा ती हौसेची होती, आता तिच्यावर घर चालणार आहे.

चावी कुणाच्या हातात?

बर्था बेंझना गाडी मिळाली कारण ती घरात उभी होती. सुझान टाटांच्या घरी पैसा होता. शीला डावरेंना स्वतःची रिक्षा घ्यावी लागली. सुरेखा यादव आणि अर्चना आत्राम यांना शिकवायची जबाबदारी संस्थेनं घेतली. या सगळ्या गोष्टींत हुशारी आणि हिंमत आहेच, पण प्रत्येकीच्या बाबतीत कुठेतरी चावी हातात आली, हेही तितकंच खरं.

शिरूर-दौंड भागात आज जवळपास प्रत्येक वस्तीवर एखादी तरी चारचाकी आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत रोज हजारो लोक कामाला जातात. मळ्यावरून, वस्तीवरून तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचायचं तर गाडी लागतेच. रात्री सासूच्या छातीत कळ आली, गर्भार सुनेला कळा सुरू झाल्या आणि घरातला पुरुष दुसऱ्या पाळीला गेलेला असला, तर दारात गाडी असूनही शेजारच्याला हाक मारावी लागते. गाडी घरात आहे, चावी खिळ्याला लटकलेली आहे, पण चालवणारं कुणी नाही.

त्या संध्याकाळी मोराची चिंचोलीहून परतणाऱ्या मिनीबसमध्ये हीच वेळ आली होती. फरक इतकाच की योगिता सातव यांनी कधीतरी आधी कार शिकून घेतली होती.